दुपारपर्यंतची गोळी, संध्याकाळपर्यंतची गोळी

तीर्थरूप बाबांस, नंदनवन कॉलनीतून कामिनीचा नमस्कार.

फोनवर तिकडे घरचे सारे ऐकतात, म्हणून कागदावर लिहून राहिली. माझं ध्यान एका जागी टिकत नाही, त्याले डॉक्टर एडीएचडी म्हणतात. वेडबिड काही नाही, घाबरू नका.

पहिली गोळी चारच तास चालत होती. दुपारी तिचा असर उतरला की मी कंपनीत साऱ्यांवर खेकसत होती. आता दुसरी दिली, ती संध्याकाळपर्यंत पुरते. महिनाभरात हिंगण्याची बस एकदाही चुकली नाही. भूक तेवढी मेली आहे. आईले सांगू नका, उमरेडहून डबे पाठवत बसेल. तिचे गुडघे कसे आहेत?

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आणखी कोणी असं आहे काय? मी तुमचं नाव सांगितलं. मागावर लुगडं अर्धं टाकून तुम्ही शेजाऱ्याचा रेडिओ खोलत बसत होते, अन् सारे तुम्हाले आळशी म्हणत होते. दहावीत असताना मीही म्हटलं होतं, पाहुण्यांसमोर. तुम्ही नुसते उठून बाहेर गेले होते.

तुम्ही आळशी नव्हते, बाबा.

तुमचीच,
कामिनी