सहा मेणबत्त्या

प्रिय हिंदा,

तुझा निरोप पोचला. शुक्रवारी येतेस म्हणे, आणि या खेपेला लांब झगा घालून, गाडी बाजारापाशी ठेवून चालत. उपकारच म्हणायचे. मागच्या वेळी तू शुक्रवारी दिवे लागल्यावर, गाडीला हातसुद्धा लावायचा नसतो तेव्हा, बेकरीसमोर गाडीतून उतरलीस, तेव्हा गल्लीतली पोरं ‘शब्बाथ, शब्बाथ’ ओरडत तुझ्या मागे लागली. त्यानंतर कितीतरी दिवस प्रार्थनेला तुझ्या वडिलांच्या शेजारी कुणी बसेना.

इकडे सगळे ठीक. शनिवारच्या जेवणाचं मांस आणि घेवडा शुक्रवारीच मंद आचेवर चढतो, आणि तळाची खरपुडी मी अजून तुझ्यासाठी बाजूला काढते, मग चिडून स्वतःच खाते. तू हैफाला शनिवारी हॉटेलात कॉफी वाढतेस असं कानावर आलं. सातव्या दिवशी देवसुद्धा काम थांबवून बसला, तुलाच तेवढी उसंत नाही.

आपल्या गित्लची सोयरीक जुळत आलीय. मुलगा हडकुळा आहे, पण पोथीत डोकं घालून बसणारा. त्याची आई रेझल मात्र बिलंदर. परक्या घरात गेली की आधी मेणबत्त्या मोजते. दोन शब्बाथच्या सोडल्या की बाकीची दर मुलामागे एक. शुक्रवारी ती बेने ब्राकहून मुक्कामाला येतेय. आपल्याकडे लागतात सहा, आणि मध्यस्थाला तुझ्या वडिलांनी तुला वगळून मुलं सांगितलीत तीन. मला म्हणाले, “पाचच लाव. एका मेणबत्तीपायी धाकटीचं वाटोळं करतेस का?”

मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. तू झालीस त्याच आठवड्यात, धड उभं राहता येत नव्हतं तेव्हा, भिंतीला धरून मी ती पहिल्यांदा लावली होती. मुलाच्या नावाने एकदा लावायला घेतलेली मेणबत्ती कमी करत नाहीत. मूल देवाघरी गेलं तरी करत नाहीत. समोरची पेर्ला तिच्या मोटलची अजून लावते, आणि बघणारे मान खाली घालतात. तुझी लावताना मात्र माझ्याकडे बघून हसतात. हे मनात आलं आणि मला वाट सापडली.

म्हणून हे पत्र. येऊ नकोस. या शुक्रवारी नाही आणि पुढेही कधी नाही. रेझलने मोजलंच तर थोरली हिंदा सातव्या वर्षी तापाने गेली, असं सांगायचं ठरलंय. गल्लीतलं कुणी तोंड उघडणार नाही, त्यांच्याही घरी लग्नाच्या मुली आहेत. वडील ‘बरं’ म्हणाले. गित्ल थोडी रडली, मग तिनेही पाठ केलं. जिवंत लेकीची मेणबत्ती मला कुणी लावू देईना, मेलेलीची लावायला कुणाची ना नाही. मी आहे तोवर ती दर शुक्रवारी लागेल. तू फक्त दारात येऊन उभी राहू नकोस.

तुझीच, अजूनही,
आई