ओसरत्या पाण्याखालची जमीन

अल्लाहच्या नावाने, जो दयाळू आणि कृपाळू आहे. मी तितकीशी नाही, हे पुढे दिसेलच.

मी, हाम्सियाह बिंती मासदार, म्हणजे मासदारची मुलगी, बारितो नदीच्या वळणावरल्या तलुक कुइनी गावची, वय सत्तरीच्या पलीकडे (नेमकं सांगू शकणारी आई कधीच गेली), धंदा होडीवरून तरंगत्या बाजारात केळी आणि भाजी विकणे, सध्या गुडघ्यांमुळे बंद, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने येऊन माझ्याशी केळ्यांचा भाव करून बघावा. मला कोणी धमकावलेलं नाही की फूस लावलेली नाही. उलट मी असलं काही करू नये म्हणून माझा मुलगा सारखा फोन करतो आहे, सबब हे मी खास शुद्धीत करते.

मला अक्षर येत नाही. लिहून घेतात ते सरकानी गुरुजी, मशिदीशेजारच्या शाळेत शिकवतात. गावातल्या सगळ्यांसारखे तेही मला नीनी म्हणतात, म्हणजे आजी. त्यांना बजावलं आहे की मी बोलेन ते लिहायचं, धुऊन-पुसून नाही. सुरुवातीलाच त्यांनी विचारलं, "नीनी, मुलाच्या नावाआधी चिरंजीव लिहू ना?" मी म्हटलं, "लिही. नावानंतर नालायक लिही." पहिलं त्यांनी झटकन लिहिलं, दुसऱ्याला पेन अडलं. मग मी म्हटलं की नदीत नागडा पोहायचास तेव्हा तुझं असं काही अडत नव्हतं. तेव्हा उतरलं.

तर मला वारस दोन. चिरंजीव बाहरान, नालायक, राहणार शहरात. आणि मुलगी रुसमिनी, माझ्याजवळ राहते, मासे खारवून सुकवते, विकते. स्वभावाने सोनं आहे, म्हणजे कोणीही वाकवावं. लहानपणी कोंबडी हाकलतानासुद्धा तिची माफी मागायची.

कलम पहिलं. घरामागची जमीन, रबराची झाडं धरून. ही मी कोणाला देत नाही, कारण ती माझ्याकडे उरलेलीच नाही. बाहरान एकदा शाईची डबी घेऊन आला. म्हणाला, "आई, विजेच्या मीटरसाठी अंगठा हवाय."

"मीटर आहे की."

"आता नवीन बसवतात. जास्त उजेडाचा."

मी अंगठा दिला. उजेड पडला तो पुढच्या वर्षी, जमीन त्याच्या नावावर झाल्याचं कळलं तेव्हा. त्यावर गावच्या मुखियाची साक्षीदार म्हणून सही होती. जाब विचारायला गेले तर म्हणतो, "नीनी, मी काही वाचलं नव्हतं, नुसती सही केली." मला वाचता येत नाही म्हणून मी अडाणी, आणि ह्याला येतं पण वाचत नाही म्हणून हा मुखिया.

याच कलमात पुढचं लिहायचं, कारण सगळं त्यावरच आहे. मला हे कळण्याआधीच बाहरानने मोजणीदार आणले होते, ते ऐन पाण्याच्या दिवसांत. नदी घराखाली शिरलेली, खांबांमधून खळाळत होती, बदकं स्वयंपाकघराच्या फळ्यांखाली पोहत होती. मोजणीदार बूट घालून आले होते आणि बूट कोरडे ठेवायचे होते. त्यांनी विचारलं, "जमीन सुरू कुठून होते?" आणि ह्या नदीकाठी जन्मलेल्या, ह्याच पाण्यात पहिली आंघोळ झालेल्या माणसाने स्वयंपाकघराच्या मागे बोट दाखवलं. "इथून. पुढे नदीच आहे." त्यांनी तिथे खुंटी ठोकली. मी वर बसून केळ्याची भजी तळत होते. मला वाटलं सरकारचं काही काम असेल, शहाण्यांच्या बोलण्यात आपण कशाला पडा. भजी त्यांनीही खाल्ली.

मग पाणी उतरलं, जसं ते दरवर्षी उतरतं. बूटवाल्यांची नदी निघून गेली आणि त्या जागी जमीन वर आली: स्वयंपाकघरापासून रंबाईच्या झाडांपर्यंत आणि तिथून खाली, भांडी-कपडे धुण्याचा तराफा बांधतो त्या खुंटापर्यंत. पाणी ओसरल्यावर जी जमीन उघडी पडते ती जिचं घर तिच्यावर उभं तिची, ही आमच्या गावची वहिवाट आहे. बाहरानच्या शिक्क्याच्या कागदात ही पट्टी नाही.

कोळशाच्या कंपनीला आमच्या वळणावर धक्का बांधायचा आहे, कारण काठाशी पाणी खोल आहे. पट्टीशिवाय बाहरानची जमीन म्हणजे तोंड नसलेलं मडकं. हे त्याला कंपनीच्या माणसाने सांगितलं तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मुलाला आईची फार आठवण येते.

"आई, त्या चिखलाचं तू काय करणार आहेस?"

"त्यात मी उभी आहे."

"तुला शहरात घेऊन जाईन. पक्कं घर, नळ."

"तिथे तुझी बायकोही आहे ना?"

"आहे."

"मग नळ कशाला सांगतोस."

वरच्या गावाने काठ विकला. आता तिथे रोज कोळशाचा पडाव लागतो. बायका बादल्या घेऊन शाळेच्या नळावर रांग लावतात. सुकत घातलेले मासे संध्याकाळपर्यंत काळे होतात, ते कोणी विकत घेत नाही. पुरुषांकडे मोटारसायकली आल्या आहेत, त्यावरून ते धक्क्यावर काम मिळतं का विचारायला जातात. आमची पट्टी गेली तर रुसमिनीचा तराफा जाईल, वाळवणाची जागा जाईल, आणि सहा महिन्यांत ती भावाच्या घरी भांडी घासत असेल. तिला भाऊ म्हणेल पाहुणी, वहिनी काय म्हणेल ते तिला विचारा.

कलम दुसरं. घर. हे लोखंडासारख्या टणक लाकडाच्या खांबांवरचं घर मी गेल्या रमजानमध्ये, जिवंतपणीच, रुसमिनीला देऊन टाकलं; नुसतं घर, खालची पट्टी माझ्याकडे राखून. गावातले जाणते हाजी मुरहान साक्षीला होते. त्यामुळे त्याची चर्चा नको. ते मागूनही बाहरानला मिळणार नाही, आणि रुसमिनी रडवेली झाली तर तिला हे कलम दोनदा वाचून दाखवावं.

कलम तिसरं. सोन्याच्या तीन बांगड्या. दोन मुलाच्या, एक मुलीची, हा देवाचा हिशोब, मी त्यात हात घालत नाही. बाहरानला धर्मातलं एवढं एकच वाक्य तोंडपाठ आहे.

होडी विकून माझ्या मागचं जेवण घालावं. भात नीट शिजवावा. माझा नवरा गेला तेव्हाच्या जेवणाला शेजारच्या एका बाईने दोन ताटं जेवून वर सांगितलं होतं की भात कच्चा आहे.

कलम चौथं. नर बदक. म्हातारा आहे, एका डोळ्याने आंधळा आहे, आणि पायऱ्या चढणाऱ्या प्रत्येकाला चावतो. तो मुखियाला द्यावा. न वाचता सही करणाऱ्या माणसाकडे येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवणारं कोणीतरी हवं.

कलम पाचवं. पट्टी.

इथे गुरुजींनी मला थांबवून सांगितलं की वारसाला मृत्युपत्राने वेगळं काही देता येत नाही. पट्टी तशीच ठेवून मेले तर तिचे दोन भाग बाहरानचे, एक रुसमिनीचा. आणि बाहरानचा दुसरा फोन आला की रुसमिनीचा भागही त्याचाच. मात्र परक्या माणसाला आपल्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा देता येतो. मी विचारलं, चिखल आणि बदक मिळून तिसऱ्या हिश्शात बसतात का? साक्षीला बसलेले हाजी मुरहान बांगड्यांकडे बघून म्हणाले, "आजच्या भावाने सहज बसतात. कंपनीने पैसे देईपर्यंत तो चिखलच आहे."

मग परकं कोण? भाचे आहेत, ते कर्जात आहेत. मशिदीला द्यावी तर मशिदीला छप्पर हवं आहे आणि छपराला पैसे कंपनीच देते. मला असा माणूस हवा होता जो रडण्याने विरघळत नाही, नात्याने वाकत नाही, मुखियाला भीत नाही, आणि पाण्याकाठच्या दोन हात जागेसाठी दोन वर्षं न बोलता राहू शकतो. असा माणूस मला गावात एकच माहीत आहे. मी सगळं आयुष्य तिच्याशी भांडण्यात घालवलं आहे.

सबब सदर पट्टी मी माझी वैरीण मस्तुराह बिंती बासरी, शेजारच्या घरातली, हिला देते.

गुरुजींनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "नीनी, नीट विचार केलात ना?"

मी म्हटलं, "तू लहान होतास. माझ्या तराफ्याचं भांड्यांचं पाणी तिच्या तराफ्याकडे जातं म्हणून तिने माझा खुंट उपटला होता. मी परत रोवला. तिने परत उपटला. एका उन्हाळ्यात तो खुंट माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त हिंडला. ती मुखियाकडे गेली, मुखियाच्या वर गेली, मोठ्या साहेबाकडे होडी वल्हवत गेली, आणि साहेब म्हणाला दोन हात जागेसाठी कशाला भांडता, तर त्यालाही नडून आली. कंपनीचा माणूस तिच्याकडेही गेला होता. त्याचं काय झालं?"

"त्याला तिने ओल्या पायांनी घरात घेतलं नाही."

"आणि कोरड्या पायांनी?"

"तसंही नाही."

"मग लिही."

पट्टीची चतुःसीमा. आमच्यात पूर्व-पश्चिम नमाजापुरती, बाकी सगळं नदीच्या हिशोबाने, म्हणून अशी लिहावी: जमिनीकडे बाहरानची खुंटी. पाण्याकडे उन्हाळ्यातली पाण्याची धार, ती जिथे असेल तिथे. वरच्या अंगाला रंबाईचं तिसरं झाड. खालच्या अंगाला मस्तुराहच्या तराफ्याशेजारचा माझा खुंट.

हे गुरुजी मोठ्याने वाचत होते, कारण मी ऐकूनच तपासते. फळ्यांमधून आवाज पलीकडे जातो. खाली मस्तुराह कपडे आपटत होती, ते थांबलं.

"कोणता खुंट?" ती खालून म्हणाली. "जुना, की तू सरकवलेला?"

"जो आहे तो."

"जो आहे तो तू सरकवलेला आहे. गुरुजी, खोटं लिहू नका, तुम्ही मुलांना शिकवता."

गुरुजी खिडकीशी गेले. "मस्तुराह मावशी, नीनी ती पट्टी तुम्हालाच देतायत."

खाली ओला कपडा फळीवर टाकल्याचा आवाज आला.

"कशाला?" ती म्हणाली. "काय झालंय हिला? ताप आहे?"

"विकायची नाही या अटीवर," मी म्हटलं. "आणि रुसमिनीचं घर, तिचा तराफा, तिचं वाळवण जिथे आहे तिथे राहील."

"रुसमिनीचं ठीक आहे. ती तुझ्यावर गेलेली नाही." पायऱ्या वाजल्या. बदक तिला चावलं नाही, तिच्या नादी तेही लागत नाही. ती दारात उभी राहिली, हात साबणाचे. "पण दोन हात माझेच आहेत. जुन्या खुंटापर्यंत. माझंच मला दान करून तू पुण्य घेऊन जाणार? कागदात दोन हात कमी लिही."

"लिहिणार नाही."

"मग मी घेणार नाही."

"नको घेऊस. बाहरान घेईल."

तिने साबणाचा हात लुगड्याला पुसला. "तुझा तो शहाणा पोरगा? ज्याला नदी कुठे संपते ते कळत नाही?"

"तोच."

ती बसली. गुरुजींना म्हणाली, "पुढे वाचा."

म्हणून अटी पुन्हा लिहिते, तिच्या समोर. एक, पट्टी विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, कंपनीच्या माणसाला तिथे बसू द्यायचं नाही. दोन, रुसमिनीला हलवायचं नाही. तीन, मस्तुराहने मरताना ही पट्टी आपल्या मुलांना देऊ नये. तिचीही मुलं शहरात आहेत. ज्याच्याशी त्या वेळी तिचं सगळ्यात मोठं भांडण असेल त्याला द्यावी. हे तिला कळलं, कारण ती म्हणाली, "तोवर बघून ठेवते एखादा."

दोन हातांबद्दल आमचं एकमत झालं नाही. तसं लिहून ठेवावं. मी मेल्यावरही होणार नाही.

चिरंजीव बाहरानसाठी: तुझ्यावर माझा राग आहे आणि तो मी सोबत नेत नाही, इथेच ठेवून जाते, रुसमिनीला लागला तर वापरेल. माझ्या मौतीला ये. रडायचं असेल तर घरामागे जाऊन रड, ती जागा तुझ्या कागदात आहे. आणि पट्टीचं काही बोलायचं असेल तर शेजारच्या पायऱ्या चढ. पाय धुऊन जा. तरी उपयोग नाही.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, माझ्याच शब्दांत आहे, गुरुजींनी चार ठिकाणी सौम्य केला होता, तो पुन्हा होता तसा करून घेतला. या आधी कुठेही उठवलेला माझा अंगठा घरामागच्या जमिनीपुरता समजावा, पट्टीला तो लागत नाही.

ठिकाण: तलुक कुइनी, माझ्या घराच्या ओसरीवर.
बुधवार, दिनांक १२ सप्टेंबर २०१८, मुहर्रमचा दुसरा दिवस. पाणी उतरलेलं, पट्टी पूर्ण उघडी.

लिहून देणार: हाम्सियाह बिंती मासदार (डाव्या हाताचा अंगठा. शाई आमची.)

साक्षीदार:
१. हाजी मुरहान (सही. पूर्ण वाचून केली.)
२. बसरुन, नावाडी (सही. गुरुजींनी दोनदा वाचून दाखवल्यावर केली.)

लिहिणार: सरकानी, शिक्षक (सही)

ज्या बाईस पट्टी दिली तिचं म्हणणं विचारून, ती बोलली तसं उतरवलं आहे:
"मान्य नाही. पण सोडणारही नाही."
मस्तुराह बिंती बासरी (अंगठा, साबणामुळे थोडा फिकट)