घंटी अध्यक्षांकडे राहील

२ मार्च, सोमवार
आज प्राणिमित्र संघ स्थापन झाला. अध्यक्ष मी. सभासद दोन : धाकटी बहीण (वय नऊ) आणि वर्गातला ढब्बू. निवडणूक बिनविरोध. ढब्बूचा हात वर गेला होता, पण तो डास मारायला, असं मी मानलं.
काम लगेच मिळालं. बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीमागे तारेच्या कुंपणात एक घोडा आहे. उंच, पांढुरका, बरगड्या मोजता येतील असा. दिवसभर मान खाली घालून उभा. साऱ्या जगात त्याचं कोणी नाही. सोबतीला एक म्हातारी शेळी आहे, गळ्यात घंटी. पण शेळीला काय सोबत म्हणायचं!
कुंपणाबाहेर ओंडक्यावर चढून पंधरा मिनिटं भाषण केलं. ‘शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड’ ही म्हण फार परिणामकारक ठरली. श्रोते दोन. घोडा धरला तर तीन.

४ मार्च
निरीक्षण. घोड्याचं नाव सेनापती ठेवलं.
डोळे विलक्षण. दुधाळ, निळसर, कुठेतरी दूर लागलेले. विचारवंताचे डोळे. धाकटीने तारेतून हात घालून त्याच्या नाकापुढे हलवला, तरी पापणी लवली नाही. ती म्हणाली, दादा, याला काहीतरी झालंय. मी म्हणालो, थोर लोक क्षुल्लक गोष्टींकडे बघत नसतात.
शेळीचं वागणं मात्र संतापजनक. सेनापतीला तहान लागली की ही घंटी वाजवत पुढे, तो मागे. टाकीवर आधी ती पिणार, मग तो. चाऱ्यातही हिचं तोंड. एवढा मोठा प्राणी एका शेळीच्या मागून चालतो! गुलामगिरी आणखी काय असते?

५ मार्च
मालकाला भेटलो. म्हातारा गाडीवान, एका पायाने लंगडा, आवारातल्याच खोलीत राहतो. पूर्वी तो आणि हा घोडा वखारीचे ओंडके ओढायचे. शेळीचा विषय काढताच म्हणाला, ती आहे म्हणून तो आहे रे बाबा. म्हणजे शेळीने घोड्याला ताब्यात ठेवलंय हे मालकालाच कबूल! शिवाय म्हणाला, आत शिरू नका, त्याला हाका मारू नका, तो आवाजावर जातो, कारण त्याचे डोळे... एवढ्यात मी प्राण्यांच्या हक्कांवर बोलायला सुरुवात केली. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ढब्बू म्हणतो, म्हाताऱ्याला डुलकी लागली होती. विचार पटला की माणूस डोळे मिटतो.

८ मार्च, रविवार
बैठक, आमच्या जिन्याखाली. ठराव पहिला : शेळीचं दुसरीकडे पुनर्वसन. ठराव दुसरा : सेनापतीला स्वातंत्र्य.
धाकटीचा विरोध. ती गेली तर तो कोणाशी बोलेल, असं तिने विचारलं. मी म्हणालो, माझ्याशी. त्यावर ती म्हणाली, तू कुठे बोलू देतोस कुणाला? हे इतिवृत्तात घेतलेलं नाही.
ढब्बू तटस्थ, तोंडात बिस्कीट होतं. दोन्ही ठराव मंजूर.

१० मार्च, मंगळवार
मोहीम फत्ते.
म्हातारा मंगळवारी पाय दाखवायला दवाखान्यात जातो. बाबांच्या कुलूप-किल्लीच्या दुकानातला कटर आणला (उद्या परत ठेवीन) आणि तार कापली. कुंपणालगत पाइप घालायला चर खणलाय, पुरुषभर खोल. वर एक फळी. शेळी फळीवरून सरळ गेली. मी दोनदा अडखळलो. तारेची टोकं ढब्बूने मागून नुसती अडकवून ठेवली.
मग मात्र ती चालेना. सारखी मागे वळून बघत होती. आत सेनापती खूर आपटत खिंकाळत होता. धाकटी रडायला लागली आणि कुंपणापाशीच थांबली. तिला म्हटलं, निरोपसमारंभ असाच असतो.
बाजाराच्या टोकाला नशीब उघडलं. एक गृहस्थ स्वतःहून पुढे आले. रबरी एप्रन, गमबूट. बहुधा जनावरांच्या दवाखान्यातले. त्यांनी शेळीच्या पाठीवरून हात फिरवला, मांड्या चाचपल्या, उचलून वजन बघितलं. म्हणाले, म्हातारी आहे, पण चालेल. वय न बघता आसरा देणारी माणसं अजून आहेत! मी मोबदला नको म्हणालो, तेव्हा खूप हसले. म्हणाले, तुझ्यासारखी पोरं रोज येऊ देत. घंटी त्यांनीच काढून माझ्या हातात ठेवली. हिचं इथे काम नाही म्हणे.
ठराव तिसरा : घंटी अध्यक्षांकडे राहील. सभेत शांतता राखण्यासाठी.

११ मार्च
म्हातारा लंगडत गल्लोगल्ली शेळी शोधतोय. मलाही विचारलं. मी म्हणालो, ती जिथे असेल तिथे सुखात असेल. हे खोटं नाही. तो म्हणाला, तुझ्या तोंडात साखर पडो.
संध्याकाळी चमत्कार! चर नाही त्या बाजूला कुंपणापाशी सभा घेतली. मी घंटी वाजवताच सेनापती आवाराच्या दुसऱ्या टोकाकडून धावत माझ्याकडे आला. अख्खं भाषण होईपर्यंत हलला नाही. मग माझ्या खिशाला नाक लावून हुंगत राहिला. खिशात फक्त घंटी होती. म्हणजे ओढ माझीच. वक्तृत्वस्पर्धेत मला दुसरा नंबर देणाऱ्या परीक्षकांनी हे बघायला हवं होतं.

१३ मार्च
सेनापती चाऱ्याला शिवलेला नाही. टाकीत सुकी पानं तरंगतायत. तो टाकीपासून दहा पावलांवर उभा राहतो आणि पुढे जात नाही. म्हातारा बादली तोंडाला लावतो तेव्हा कसेबसे दोन घोट. हा उपवास असावा. चळवळीत उपवासाला फार मान आहे.
बाकीचा वेळ वखारीच्या भिंतीला घासत गोल फिरतो. खांद्याची कातडी सोलली आहे. स्वातंत्र्य अंगवळणी पडायला वेळ लागतोच.
धाकटी आज शाळेतून बाजाराच्या रस्त्याने आली. तेव्हापासून जेवली नाही. आई शिलाईचं मशीन सोडून तिच्याजवळ बसली. मला फक्त म्हणाली, दादा, तू तिकडे जाऊ नकोस. मुली हळव्या असतात.
बाबा कटर शोधतायत. जेवताना म्हणाले, घरातली उंदरं हल्ली लोखंड खातात. आणि माझ्याकडे बघत राहिले.

१५ मार्च, रविवार
सेनापतीची मान आणखी खाली गेली आहे. जनावरांचा डॉक्टर येऊन गेला. म्हातारा सांगत होता, दोन दिवसांत नीट प्यायला लागला नाही तर...
या घोड्याला भाषणाची गरज आहे. उद्या जाहीर सभा. जागा : चराच्या अलीकडचा मातीचा ढीग, म्हणजे रस्त्यावरच्यांनाही ऐकू जाईल.
धाकटीने घंटी उशीत लपवली होती. शोधून काढली. ती म्हणाली, दादा, त्याला दिसत नाही रे, तो आंधळा आहे. मी विचारलं, आंधळा असता तर माझ्याकडे धावत कसा आला असता? तिला उत्तर सुचलं नाही. म्हणजे तिने दिलं काहीतरी, पण मी तेव्हा घंटी वाजवून बघत होतो.

१६ मार्च, दुपारी ४
तयारी पूर्ण. भाषण पाठ. ढब्बूने विचारलं, कापलेली तार आधी बांधू या का, फळीही कुणीतरी नेली आहे. मी म्हणालो, सभेनंतर.

१६ मार्च, संध्याकाळी ७
घंटी वाजवली. तो आला.
कापलेल्या तारेतून आला. मी ओरडलो, थांब. तो माझं ऐकत नव्हता. कधीच ऐकत नव्हता. मी हात हलवून हलवून थांब म्हणत होतो आणि घंटी त्याच हातात होती.
चरात पडला.

१७ मार्च
दोर, फळ्या, वीस-पंचवीस माणसं. खोदकामाच्या मशीनवाल्याने चराची एक बाजू उतरती करून दिली. पाय मोडला नाही, पण घोडा उठेना. म्हातारा खाली उतरून त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. वर बघून म्हणत होता, कुणीतरी माझी शेळी आणा रे, तिच्यामागून तो उठेल.
तेव्हा धाकटीने सांगितलं. मटणाचं दुकान, एप्रन, आकडा, आकड्याला काय टांगलं होतं ते. सगळ्यांसमोर.
म्हाताऱ्याने मला एवढंच विचारलं, कधी? मी म्हणालो, मंगळवारी. तो शिव्या देईल असं वाटलं होतं. माझं उत्तरही तयार होतं. त्याने फक्त हात पुढे केला. मी घंटी दिली.
तो लंगडत चढावर गेला आणि त्याने ती हळू वाजवली, शेळी चालताना वाजायची तशी. घोडा उठला.
घरी आल्यावर कटर बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो पुसला आणि दिवा मालवून आत गेले. वहीतल्या भाषणातली एक म्हण मी खोडली.

२२ मार्च, रविवार
म्हातारा घरी आला होता. आईला म्हणाला, दुसरी शेळी आणली तर तो ढुशी मारतो. माझा पाय दिवसातून चार फेऱ्या करू देत नाही. पोराला पाठवा. मग मला म्हणाला, बोलायचं नाही, परका आवाज आला की तो थबकतो.
त्याने आणलेली घंटी धाकटीने सुतळी ओवून माझ्याकडे दिली. ठराव तिसरा रद्द झाला नव्हता, असं ढब्बू म्हणाला.

२९ मार्च, सकाळी ६
घंटी गळ्यात. टाकीपर्यंत चाळीस पावलं. तो मागे.
आधी मी वाकून ओंजळभर पितो. मग तो पितो.
आज पोटभर प्यायला. मी काही बोललो नाही.