मामांनी ताट मागितलं

मंठा,
फाल्गुन शुद्ध तृतीया, शके १८५६

चि. सौ. तुळजाबाईस बद्रीनाथचे अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. तुला आशीर्वाद द्यावा एवढा मी सध्या मोठा राहिलेलो नाही, हे मलाही ठाऊक आहे. इकडे सर्व क्षेम आहे. धाब्याच्या गळक्या कोपऱ्यावर पांढरी माती टाकून घेतली. शेळी बरी आहे, माझ्यापेक्षा बरी आहे. अडतीवर कापसाची गर्दी असल्यामुळे दिवसभर काटा धरून माझे खांदे उतरले आहेत. तिकडे मामीला दंडवत सांग.

हे पत्र मच्छिंद्र वाचून दाखवणार. मच्छिंद्रा, तुला रामराम. चौथी पास झाल्यापासून तू बहिणीच्या नावचं एकही पत्र हळू आवाजात वाचलेलं नाहीस. तुझा आवाज वेशीपर्यंत जातो. या पत्रात मी एके ठिकाणी सांगेन, तिथं ओसरीवरून उठायचं, आत जायचं आणि फक्त तिलाच वाचून दाखवायचं. उठला नाहीस तर पुढच्या खेपेला तुझा कापूस मीच तोलणार आहे, एवढं ध्यानात ठेव.

तर तुळजा, परवा मामा येऊन गेले.

तुमच्या जांबच्या कापसाच्या गाड्या आमच्या अडतीवर लागल्या आणि दुसऱ्या गाडीवरून मामा उतरले. माझ्या हातातलं पाच शेरांचं वजन सुटलं ते माझ्याच पायावर. आठ महिन्यांत तुमच्या घरचं चिटपाखरू फिरकलं नव्हतं, आणि आले ते एकदम सासरेच. मी मनात म्हटलं, आला काडीमोड. मी लंगडत पुढं, मामा आणि त्यांचा गाडीवान कचरू मागं, असे आम्ही घरी आलो.  वाटेत कचरू माझ्याकडं पाहून सारखा गालात हसत होता. मला वाटलं, लंगडण्याला हसतोय.

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. तो मामा घेणार नाहीत हे मला माहीत होतं. लेकीला लेकरू होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत सगळेच पाळतात. पण तुझ्या बापासारखी पाळणारा मी तरी पाहिला नाही. सहा वर्षांत आपल्या उंबऱ्याच्या आत त्यांनी जीभसुद्धा ओली केली नाही. पाणी स्वतःचं, भाकरी स्वतःची, पानाला चुनासुद्धा स्वतःचा.

"चंबू हाये माझ्याजवळ," मामा म्हणाले. "पण या कचरूला काही घाला. सकाळधरनं उपाशी हाये. गाड्या रिकाम्या झाल्या की लगेच निघायचंय, जल्दी करा."

घरात कालची दीड भाकरी आणि कारळाची चटणी होती. जांबच्या गाडीवानाला ते वाढलं असतं तर बातमी गाड्यांच्या आधी जांबला पोचली असती. मी भिंतीवरून शेजारच्या रहिमाबी खालांना हाक मारली. त्यांच्या अजमतभाईंनी एक कोंबडी कापून, साफ करून, मुकाट्यानं हातात आणून दिली. खालांनी पाट ठेवला, त्यावर उभ्या राहिल्या, आणि भिंतीच्या वर त्यांचं डोकं आलं. पुढचा सगळा स्वयंपाक त्या डोक्यानं सांगितला आणि मी केला.

"सालन कू टैम लगता," खाला म्हणाल्या. "तवे पे डाल. पतले टुकडे कर. हळद, मीठ, आलं-लसूण लाव. तवा तापू दे बराबर. और सुन, लिंबू अभी नक्को!"

तू रस्सा करायचीस तेव्हा दुपारपासून पाटा वाजायचा. मी ओसरीवरून विचारायचो, एका कोंबडीला एवढा वेळ कशाला? आता सांगतो. नुसते तुकडे पातळ करायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात अडतीवर गाडीभर कापूस तोलून होतो. कोंबडी हातातून निसटते, हे तू कधी बोलली नाहीस.

करडीचं तेल तव्यावर टाकलं. धूर निघाल्यावर तुकडे सोडले. असा काही चर्र आवाज झाला की शेळीनं दावं तोडलं. मी उलथनं घेऊन लगेच ढवळायला लागलो.

"अरे ओ बद्री! हात मत लगा! एक बाजू लाल हू दे!"

मी हात बांधून उभा राहिलो. पहिली बाजू लाल झाली, नंतर थोडी काळी झाली, मग मला उलटायचं सुचलं. पण खरं सांगतो, वास चांगला सुटला होता. तुकडे ताटात काढले की तव्याला जे चिकटून राहतं, त्यातच लिंबू पिळायचं, घोटभर पाणी टाकायचं, मिरं आणि कोथिंबीर घालून खरवडायचं, आणि तो रस तुकड्यांवर ओतायचा. एवढंच. खाला म्हणाल्या, दोन लिंबं पुरेत. मी पाच कापली. पाहुण्याला कमी पडू नये म्हणून.

पाचव्या लिंबाला अंगठा कापला, आणि तोच अंगठा मी लिंबात दाबून पिळला.

तुळजा, पाच शेरांचं वजन पायावर पडलं तेव्हा मी ओरडलो नव्हतो. या वेळी माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. मामा ओसरीवरून उठून चुलीपाशी आले. त्यांनी अंगठा पाहिला नाही, डोळे पाहिले. म्हणाले, "काय झालं?"

मच्छिंद्रा, ऊठ आता. आत जा.

लिंबू झोंबलं, असं मी सांगणार होतो. तोंडही उघडलं होतं. पण रडायला एकदा सुरुवात झाली की माणसाला दुसरंच काही आठवतं. मी गावभर सांगितलं होतं की आमटीत मीठ जास्त पडलं, मी रागावलो, आणि तुळजा रुसून माहेरी गेली. अडतीवर तेच सांगितलं, अजमतभाईंना तेच सांगितलं. इतक्या वेळा सांगितलं की मलाही ते थोडंसं खरं वाटायला लागलं होतं.

मीठ बरोबर होतं. आषाढात माय गावाहून आली, आणि जेवताना तुझ्यासमोर म्हणाली, "सहा वर्षं झाली, पाळणा हालंना. वाटूरची पोरगी पाहून ठेवली म्या. हिला राहू दे घरात, कोण काढून देतंय? पण दुसरी करून टाक." तू वाढत होतीस. हातातली पळी तशीच धरून तू माझ्याकडं पाहिलंस. तू मायकडं पाहिलं नाहीस, माझ्याकडंच पाहत राहिलीस. आणि मी भाकरी मोडली. तुकडा आमटीत बुडवला आणि खाल्ला. नंतर काहीतरी बोलायचं म्हणून बोललो की मीठ जास्त झालंय.

हे मी मामांना सांगितलं. चुलीपाशी उकिडवा बसून, नाक गळत असताना, कचरूच्या देखत. म्हणालो, "मामा, चूक माझी हाये. मी तवाच बोलायला पाहिजे होतं. तिसऱ्या दिवशी मायला बोललो की दुसरी बायको मी करनार न्हाई, पोर झालं न्हाई तर न्हाई. पण तवर ती गेल्ती. तुम्ही नातं तोडायला आला असाल तर तोडा. पण मिठाचं खोटं हाये, एवढं तिच्या कानावर घाला."

 तवा करपायला लागला होता.  मी उठून लिंबाचा रस तव्यात ओतला, खरवडला, तुकड्यांवर घातला, आणि कचरूचं ताट मांडलं.

मामांनी रांजणापाशी जाऊन हातपाय धुतले. आपल्या रांजणाचं पाणी. चूळ भरली. मग पाटावर येऊन बसले आणि म्हणाले, "माझंबी ताट घे."

मी वाढायचं विसरून उभाच राहिलो. मामा ताटाकडं बोट दाखवून पुन्हा म्हणाले, "वाढ की."

वाढलं. पाच लिंबांचं ते. पहिल्या घासाला मामांचा एक डोळा मिटला आणि खांदा वर गेला. दुसऱ्या घासाला दुसरा डोळा मिटला. पण जेवले. कालची भाकरी कुस्करून त्यात तो रस ओतून घेतला, आणि जेवले. मग म्हणाले, "आणखी वाढ." कचरूच्या वाटणीचं वाढावं लागलं. कचरू बिचारा दोन तुकड्यांवर उठला, तरी हसत होता. मामा तांब्याभर पाणी प्याले, ढेकर दिली, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि एक अक्षर न बोलता अडतीकडं निघून गेले.

आता माझी अक्कल बघ. मी रिकाम्या ताटापाशी बसलो आणि विचार केला. लेकीच्या घरी बाप जेवत नाही. मामा जेवले. म्हणजे हे आता लेकीचं घर राहिलेलं नाही. नातं तुटलं, म्हणून बंदी उठली. हॉटेलात बसावं तसे ते माझ्याकडं जेवून गेले. मला हे इतकं बरोबर वाटलं की मी दोन्ही हातांनी तोंड झाकून शेळीशेजारी बसलो.

भिंतीवरून उलथनं आलं. पाठीत बसलं.

"पागल!" खाला ओरडल्या. "रिश्ता तुटला असता तर तुझं ते लिंबाचं लोणचं दोन बार मागून खाल्लं असतं का त्यांनी? कवा जेवतो बाप लेकीच्या घरी? बोल, कवा जेवतो?"

मी बोटं मोजली. आषाढ, श्रावण, भादवा. फाल्गुनापर्यंत पोचलो आणि जोडा न घालता पळत सुटलो.

गाड्या ओढ्यापलीकडं गेल्या होत्या. दुखरा पाय, कापलेला अंगठा, हातात खालांनी मारलेलं उलथनं. मामांच्या गाडीचा दांडा धरला. मग विचारलं, "मामा, खरं का?"

मामा म्हणाले, "मी काही बोललो का? पोरीनं तोंडातून अक्षर काढायचं न्हाई अशी शपथ घातलीय. मी बोललो न्हाई. मी निस्ता जेवलो."

"मुलगा की मुलगी?"

मामांनी बैलांना चुचकारलं. कचरू हसून हसून जुवावर पडायला आला होता. मग मला कळलं की दोन महिने जांबची माणसं काट्यापाशी उपरणं तोंडाला लावून का हसत होती. मला वाटायचं, माझी टोपी वाकडी बसते. मी दोन टोप्या बदलल्या.

तुळजा, तू ही शपथ का घातलीस, त्याचा मी रात्रंदिवस विचार केला. माझ्या डोक्याला वेळ लागतो, पण कळलं. पोराचं ऐकून मी धावत आलो असतो, तर मी तुझ्यासाठी आलो की पोरासाठी, हे तुला जन्मभर कळलं नसतं. आताही तू तसंच म्हणू शकतेस. पत्र लिहिलं ते पोराचं कळल्यावरच, हे खरं आहे. आठ महिने एक कार्ड टाकलं नाही. रोज टाकायचं म्हणत होतो आणि रोज लाज आडवी येत होती.  एवढंच सांगतो, मामांना विचार, आधी मी बोललो आणि मग त्यांनी ताट मागितलं. त्यांनी तुझी शपथ मोडलेली नाही. त्यांना बोल लावू नको. त्या लिंबानं त्यांचे दात अजून आंबले असतील.

मायला मी काल गावी जाऊन सांगून आलो. पोराचं सांगितलं नाही. ते तू सांगशील तेव्हा. एवढंच सांगितलं की तुळजा आली तर वाटूरचं नाव या घरात पुन्हा निघायचं नाही, आणि नाही आली तरी निघायचं नाही. माय दोन दिवस बोलणार नाही. बिलकुल हरकत नाही.

हे टपालात टाकलं असतं तर आठ दिवसांनी पोचलं असतं. म्हणून आज जांबला परत निघालेल्या गाडीवानाच्या हाती देतोय. त्याच गाडीत मागं मीही बसणार आहे. मच्छिंद्र तुला हे आत वाचून दाखवत असेल तेव्हा मी तुमच्या गावच्या मारुतीच्या पारावर असेन. घरावर चालून येणार नाही. जावई आला म्हणून कोणी पायावर पाणी घालू नये, मामीनं घाईनं काही करू नये. तू विचार कर. संध्याकाळपर्यंत कर, उद्यापर्यंत कर, मी भाकरी बांधून आणली आहे. तू नको म्हणालीस तर मच्छिंद्रानं येऊन तेवढं सांगावं. मी त्याच्यावर रागावणार नाही, त्याचा कापूसही बरोबर तोलीन. आणि ये म्हणालीस तर आधी तुझ्यापाशी बसेन. पाळण्यात कोण आहे ते तू दाखवशील तेव्हा बघेन.

त्या दिवशी ताटावर बोललो नाही, तो, पारावर बसलेला,

तुझा
बद्रीनाथ