कोरा रकाना

शुक्रवार, १४ नोव्हेंबर, दिवेलागणीला

प्रभू, तुझे उपकार. आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी उपकेंद्रात डॉक्टर मॅडमनी गरोदर बायांचं रजिस्टर तपासलं. भागीच्या नावापुढे बीपीचा रकाना मी कोराच ठेवला होता. ती शेतातल्या वस्तीवर राहते, माझं जाणं झालं नव्हतं.

मॅडम वैतागल्या, "सिस्टर, एकशेवीस-ऐंशी लिहून टाका ना! सगळेच लिहितात. तुमीच काहून अडून बसता?"

"मोजलंच नाही मॅडम. देवाले काय सांगू?"

"देव येते का रजिस्टर तपासाले?"

मॅडमसकट जमलेल्या आशाताई हसल्या. मला रागच आला. बीपीचं मशीन पिशवीत टाकलं अन् वस्तीवर निघाले. तुझ्यावरच्या विश्वासानं गेले असं कशाला लिहू? हट्टानं गेले.

भागी कापूस वेचून राह्यली होती. म्हणे, "दोन दिवसांपासून डोकं लय दुखते, सिस्टर." मोजलं तर एकशेसत्तर-एकशेदहा. पुन्हा मोजलं, तेवढंच. लगेच गाडी बोलावून तिला मालेगावच्या दवाखान्यात पाठवलं. आत्ता मॅडमचाच फोन आला. भागी बरी आहे, पोटातलं बाळही. या वेळी त्या हसल्या नाहीत.

तो कोरा रकाना डोळ्यांपुढून हलत नाही. शाबासकी घ्यावीशी वाटते. पण प्रभू, त्याच पानावर आणखी दोघींच्या नावांपुढे एकशेवीस-ऐंशी आहे, माझ्याच अक्षरात. मागच्या महिन्यात पाय दुखत होते म्हणून घरी बसून लिहिलेलं. तेव्हा माझा तुझ्यावर विश्वास नव्हता का? होता.

उद्या उजाडलं की आधी त्या दोघींकडे.