दारावरची ओळ

मी, मुनीरुद्दीन वल्द कमरुद्दीन अन्सारी, वय अडुसष्ट, निवृत्त शिक्षक, मूळचा खाप्याच्या विणकरांपैकी, हल्ली मुक्काम मोमिनपुरा, नागपूर, लिहून ठेवतो की माझी अक्कल ठिकाणावर आहे. ती सुटल्याची बातमी हाजी लतीफ सेठ यांनी पूर्वी एकदा पसरवली होती. ऐकणाऱ्यांनी ती तपासली नव्हती.

१. माझ्या घराला सारख्या किमतीच्या तीन खोल्या आहेत. शरियतप्रमाणे मला तिसऱ्या हिश्श्यापुरतंच मृत्युपत्र करता येतं, तेही वारस सोडून इतरांसाठी. मागच्या दोन खोल्या माझा एकुलता मुलगा नईम याला आपोआप मिळतील. त्याला बेदखल करता आलं असतं तर मी केलं असतं. हे रागाने नव्हे, विचारपूर्वक लिहितो. खरं तर रागानेही.

२. कारण असं. दिवसा मराठी शाळेत आणि संध्याकाळी मोहल्ल्याच्या मकतबात, म्हणजे मुलांना कुराण आणि धर्म शिकवतात तिथे, मी शिकवत असे. माझा नियम एकच. पैगंबरसाहेबांच्या नावाने कुणी काही सांगितलं की आधी विचारायचं, "कुणाकडून ऐकलं?" हा नियम माझ्या पदरचा नव्हे. जुन्या आलिमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, एकेका वचनासाठी गावंच्या गावं पालथी घातली आणि सांगणारा खरा आहे का हे पाहूनच ते लिहून घेतलं. खबर आली तर आधी शहानिशा करा, हे तर कुराणातच आहे.

मकतबाच्या दारावर कमिटीचे अध्यक्ष असलेल्या याच हाजींनी हौसेने ज्ञानावरची ओळ रंगवून घेतली होती, 'इल्म मिळवा, त्यासाठी चीनला जावं लागलं तरी.' हलीमा नावाच्या मुलीने भर वर्गात विचारलं, "मास्तर, हे कोनी कोनाले सांगितलं?" मला फार आनंद झाला. मी सांगितलं की ओळ चांगली आहे, पण पैगंबरसाहेबांचं वचन म्हणून बऱ्याच आलिमांना ती मान्य नाही. सांगणाऱ्यांची साखळी कच्ची आहे.

रात्रीपर्यंत मोहल्लाभर झालं की मास्तरची अक्कल सुटली, हदीसला, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या वचनाला, खोटी म्हणतो. जुम्म्याला कमिटी बसली. एक हाजी सोडले तर सगळे माझेच विद्यार्थी. मला बोलावलं नाही. मला काढल्याच्या कागदावर नईमनेही सही केली, कारण तो हाजींच्या कापड दुकानात नोकरीला होता. घरी येऊन म्हणाला, "अब्बा, सारेच सांगून राहिले होते."

"मंग तू मले काहून नाही विचारलं?"

त्याने ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागला.

३. त्याच वर्षी चीनशी लढाई पेटली. हाजींनी माझ्याच अंगणातली शिडी न विचारता नेली आणि स्वतः वर चढून त्या ओळीवर चुना फासला. मी शंका घेतली ती बेअदबी, त्यांनी पोलिसांच्या भीतीने पुसली ती हुशारी. मला परत बोलावणं आलं नाही. ते दुखणं अजून बरं झालेलं नाही.

४. रस्त्याकडची पुढची खोली हलीमाला द्यावी. मला काढल्यावर अख्ख्या मोहल्ल्यातून ती एकटी दारात आली. म्हणाली, "लोक काहीबी सांगून राहिले. तुमी खरं काय म्हनाले, मास्तर?" आता ती लेकुरवाळी आहे, मुलांना शिकवते आणि तिच्याकडे त्यांना बसायला जागा नाही. खोलीच्या दारावर काही रंगवू नये. ज्याच्याबद्दल ऐकलं त्यालाच आधी विचारावं, ही अदब मुलांना पहिल्या दिवशी शिकवावी.

५. शिडी हाजी लतीफ सेठ यांना द्यावी, पुन्हा लागेल. ती माझ्या हिश्श्याबाहेर जात असल्यास नईमने राजीखुशीने सोडावी.

६. मला माती देताना हाजी रिवाजाप्रमाणे म्हणतील, "मरहूम नेक आदमी थे." सगळे माना डोलावतील. नईम, तेव्हा तू मोठ्याने विचार, "कुणाकडून ऐकलं?" ही अट नाही. तुझ्या खोल्या तुला काही न विचारताही मिळतील. बापाचं एवढंच मागणं आहे, आणि तू ते पुरं करशील असं मला वाटत नाही.

नागपूर, ता. ९ फेब्रुवारी १९७५
(सही) मुनीरुद्दीन अन्सारी

साक्षीदार :

रुपराव ढोबळे, शाळेतले जुने सोबती. सगळं दोनदा वाचलं, "पोरावर इतका राग काहून गा?" म्हणून मला छेडलं, मग सही केली.

जहीर अहमद, शेजारी. "तुमी लिहिलं म्हनजे बरोबरच असन," म्हणाला आणि न वाचता सही केली. हाही माझाच विद्यार्थी.