पास माणूस

अकोला, कार्तिक वद्य पंचमी, दिवेलागण

आज कापसाच्या जिनाचा भोंगा पुन्हा वाजला, बॉयलर फुटल्यापासून पहिल्यांदाच. हे सवयीने टोपी घालून उठले आणि तसेच खाली बसले.

मग गिरजा आली. तिचा नवरा आगवाला; हे बॉयलर चालवायचे, तो यांच्या हाताखाली भट्टीत कोळसा टाकायचा. त्या वाफेत गेला. मालक म्हणतो, चूक त्याचीच.

"भाऊ, उद्या कोर्टात सांगा, माह्या माणसाची चूक नवती. तुमी नागपूरची बॉयलरची परीक्षा पास झालेले, सायेब तुमचं आयकतीन. तो घरी म्हणे, वरते पास माणूस आहे, मले कायचं भेव."

पास माणूस. हे पास नाहीतच. नोकरीसाठी खोटं बोलले, मला कालच कळलं. दसऱ्याला बॉयलरची पूजा पास माणसानेच करायची, म्हणून ती यांच्या हातून व्हायची. मग गिरजाचा नवरा यांच्या पाया पडायचा.

साक्षीला उभे राहिले की वकील सर्टिफिकेट मागणार. मग तुरुंग. नाही राहिले, तर सगळं मेलेल्याच्या माथी. मी तरी तिच्यासमोर का बोलले नाही?

"सांगतो," म्हणाले हे.

गिरजा यांच्या पाया पडली. यांनी पाय मागे घेतले नाहीत.